नव्वदचं वळण

४ जानेवारी

डायरी लिहायची मला सवय नाही. लॉगशीट लिहायची आहे. तेहेतीस वर्षं रोज लिहिली: गाडी नंबर, सुटायची वेळ, पोचायची वेळ, बिघाड असल्यास काय. आजपासून तशीच लिहिणार आहे. फक्त गाडी आता खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान आहे.

डेपोतल्या मंडळींनी मी रिटायर झालो तेव्हा आगगाडीचा संच दिला. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला आगगाडी का, तर म्हणे, "आता तरी स्टिअरिंग सोडा, ही आपली आपण वळते." एक इंजिन, सात लांब डबे आणि गोल रुळांचे तुकडे. सहा महिने खोकं माळ्यावर पडून होतं. आज काढलं, बैठकीत फरशीवर रूळ जोडले आणि गाडी सोडली. इंजिन वळलं. पहिला डबा वळला, पण कंबर धरलेल्या माणसानं मागे बघावं तसा. दुसरा आडवा झाला आणि बाकीच्यांना घेऊन पडला.

ही बघून हसली. ही म्हणजे माझी बायको. वीस वर्षं माझ्याच गाडीवर कंडक्टर होती, त्यामुळे माझ्या चुकांना हसायचा तिला अधिकार आहे. म्हणाली, "डबे चांगले आहेत. वळण आवळ आहे."

बरोबर आहे तिचं. वळण बदलायचं, डबे नाही. ठरलं.

९ जानेवारी

खेळण्यातल्या आगगाड्यांचं दुकान शोधून काढलं. दुकानदार बोलण्यात भारी काटकसरी. वळणाचे रूळ चार नंबरांत मिळतात म्हणाला. एक नंबर म्हणजे मध्यापासून रुळापर्यंत छत्तीस सेंटिमीटर, दोन म्हणजे चव्वेचाळीस, तीन बावन्न, चार अठ्ठावन्न. माझ्या खोक्यातले एक नंबरचे.

"डबे केवढे?" त्यानं विचारलं.

तीस सेंटिमीटरचे, मी म्हणालो. एक नंबर विसरा, दोनवर जेमतेम, चारवर जातील. एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तिथंच उभा. म्हटलं, नुसते जायला नकोत, शोभून दिसले पाहिजेत. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"शोभून दिसायला नव्वद. पण तेवढी जागा पाहिजे."

नव्वदचे तयार तुकडे येत नाहीत. त्यासाठी मीटरभर लांबीचा लवचिक रूळ मिळतो, वाकवाल तसा वाकतो. मी तो हातात घेऊन वाकवून बघितला. सहा महिन्यांत पहिल्यांदा हाताला काम आहे असं वाटलं. नव्वदच करणार.

१६ जानेवारी

जागेचा प्रश्न हिनं एका वाक्यात सोडवला. "मागची खोली घ्या."

मागची खोली तिची. शिलाई मशीन, कापडं, लेकीची जुनी पुस्तकं, सगळा संसार तिथं. आमचं झोपणं वरच्या मजल्यावर, तेरा पायऱ्या चढून. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि मागे ही खोली, न्हाणीघराला लागून. मी म्हटलं, तू कुठं बसशील? तर म्हणाली, हल्ली तिथं जाणं होतच नाही, तो उंबरा पायाला लागतो.

सामान मी हलवलं. ती बसून सांगत होती, हे इकडे, ते तिकडे. पूर्वी असलं काम निघालं की मला हात लावू द्यायची नाही. वयानं माणसाला थोडा आराम सुचतो, चांगलंच आहे.

२१ जानेवारी

आमच्या गल्लीत एक भूमितीचे निवृत्त सर राहतात. मुलांनी त्यांचं नाव कंपाससर ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा तेच विचारतो. त्यांना बोलावलं. ते खडू आणि सुतळी घेऊनच आले, जणू वाट बघत होते.

मी सांगितलं की खोलीच्या मधोमध मोठं टेबल ठेवून त्यावर लंबगोल रूळ टाकायचे. सर म्हणाले, नव्वद ही त्रिज्या आहे. म्हणजे आरपार एकशे ऐंशी, वर कडेला सात-सात सेंटिमीटर सोडायचे, झाले एकशे चौऱ्याण्णव. "पलीकडचा डबा पडला तर तुमचा हात पोचेल का?" नाही पोचणार. मग भिंतीच्या कडेकडेनं चारी बाजूंनी फळी मारायची, कोपऱ्यांत वळणं, मधली जागा मोकळी, असं ठरलं. सरांनी फरशीवर साठ, पंचाहत्तर आणि नव्वदची वर्तुळं काढून दाखवली.

ही दारात उभी राहून बघत होती. मग चौकटीला धरून आत आली, पंचाहत्तरच्या वर्तुळात जाऊन उभी राहिली आणि सावकाश स्वतःभोवती फिरली. "एवढ्यात खुर्ची वळेल का हो?" तिनं सरांना विचारलं. सर म्हणाले, कुठली खुर्ची त्यावर आहे. ती म्हणाली, अशीच.

मला बरं वाटलं. तिला खुर्ची टाकून बसायचंय तिथं, गाडी बघत.

२ फेब्रुवारी

भिंतीला लोखंडी ब्रॅकेट ठोकायला घेतले. उंची छातीइतकी, एकशे दहा. उभ्यानं बघायला हीच उंची बरी.

रविवारचा लेकीचा फोन. आई-लेकींचं अर्धा तास चाललं होतं, स्वयंपाकघराचं दार लावून. मग फोन माझ्याकडे आला. "बाबा, मागच्या खोलीत एवढ्यात पक्कं काही ठोकू नका ना." मी म्हटलं, का गं, घर पडेल की काय? ती म्हणाली, "नाही, तसं नाही. आईशी बोला." आईशी तर मी रोजच बोलतो. दोघींचा माझ्या आगगाडीविरुद्ध कट शिजतोय असं दिसतंय. संध्याकाळपर्यंत आणखी सहा ब्रॅकेट ठोकले.

जाता जाता: ही हल्ली खाली बैठकीतल्या दिवाणावर झोपते. माझं घोरणं वाढलंय म्हणे. पस्तीस वर्षांनी लक्षात आलं.

१५ फेब्रुवारी

आज भांडण झालं. लिहून ठेवतो, कारण चूक कुणाची ते मला अजून कळलेलं नाही.

फळी चारी भिंतींवरून गेली की दारावरूनही जाणार. म्हणजे आत जायचं तर फळीखालून वाकून जायचं. सगळेच असं करतात, दुकानदारानं सांगितलं. मी तिला वाकून दाखवलं. ती म्हणाली, "मला वाकून जमायचं नाही."

मी म्हटलं, अठ्ठावन्न वर्षांची तू, मी एकसष्ट, मला जमतं आणि तुला नाही? मग मी नको ते बोललो. गाडी आवडत नसेल तर तसं स्पष्ट सांग, पण निमित्तं काढू नकोस, म्हटलं. ती म्हणाली, गाडी आवडते. आणि भांडी घासायला गेली. स्टुलावर बसून घासते हल्ली.

दारावरची फळी मी दुपारी बसवून टाकली.

१ मार्च

डोळे तपासायला दोघं गेलो होतो. थांब्यावर बस आली, तिनं सोडली. म्हणाली, गर्दी आहे. दुसरी आली, त्यात बारा माणसं नसतील. तीही सोडली. ही तीच बाई, जी चालत्या गाडीच्या पायरीवर एका हातानं लोंबकळत दुसऱ्या हातानं तिकिटं फाडायची! शेवटी रिक्षा केली. मी वाटभर कुरकुरत होतो. घरी आल्यावर ती म्हणाली, "ड्रायव्हरला रिक्षात बसायला लाज वाटते, दुसरं काय." हसलो दोघं. विषय संपला.

पूर्वेच्या दोन्ही कोपऱ्यांतली वळणं आज पक्की झाली. रूळ वाकवताना आत लाकडी पट्टी धरायची, नव्वदच्या कापाची. सरांनी ती कापून दिली. एक सलग, गुळगुळीत वळण. हात फिरवला तरी सांधा कळत नाही.

१९ मार्च

लॉगशीट. बिघाड: ड्रायव्हर.

सकाळी इंजिन एकटं सोडलं. चारी कोपरे लोण्यासारखे. आनंदाच्या भरात खिडकीकडच्या वळणावर प्लॅटफॉर्म चिकटवून टाकला, इंजिनाला घासणार नाही एवढी जागा ठेवून. गोंद वाळल्यावर पूर्ण गाडी सोडली. इंजिन गेलं. पहिल्या डब्याचं पोट प्लॅटफॉर्मवर घासलं आणि सातही डबे आडवे.

कारण? लांब डबा वळताना मध्यावर आत येतो. सरांनी हिशेब केला, नव्वदच्या वळणावर सहा मिलिमीटर. अहो, पण हे मला सांगायला सर कशाला हवेत? बसचं मागचं चाक आत कापतं म्हणून तेहेतीस वर्षं मी नव्या पोरांच्या कानीकपाळी ओरडलो. तोंड निघालं म्हणजे गाडी निघाली असं समजू नका, शेपूट निघालं का ते बघा. आणि मी स्वतः इंजिनावर मोजमाप केलं.

फळीपलीकडून, दारातून, ही बघत होती. आत येत नाही ती. म्हणाली, "शेपटीकडे बघायचं काम माझं होतं. मी मागे नव्हते ना."

खरं आहे. गाडी मागे घेताना ती खाली उतरून मागे उभी राहायची. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास." वीस वर्षांत एकदाही कुठं घासलं नाही. मी आरशात बघायचोच नाही, तिच्या आवाजावर गाडी घ्यायचो.

प्लॅटफॉर्म खरवडून काढला. उद्या पुन्हा.

२८ मार्च

माझ्या नकाशाच्या पाठीमागे तिच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं. दार ७८. उंबरा ४. खुर्ची ६६. वळायला १५०.

म्हणजे अजून तिच्या मनात आहे ते खुर्चीचं! आणि मी वाकायचं घेऊन बसलोय. माणसानं एवढं हट्टी असू नये. उद्या तिच्यासाठी खुर्ची आणणार. सांगायचं नाही, एकदम आत नेऊन ठेवायची. तिला वाकावं लागू नये म्हणून दारावरची फळी तेवढी उचलता येईल अशी करतो, बिजागरी लावून.

३० मार्च

वेताची खुर्ची, रुंद हातांची. मापली, बरोबर सहासष्ट. खोलीच्या मधोमध ठेवली, फळी वर उचलली, आणि तिला हाक मारली.

ती आली. खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, बस ना. तुझ्या मापाची आहे. कागद वाचला मी.

ती चौकटीला टेकली. डोळे भरले होते आणि हसतही होती.

"ही नाही हो," ती म्हणाली. "चाकांची."

मला काही कळेना. मग कळलं.

३१ मार्च

गाडी सोडली नाही.

१ एप्रिल

लिहिलं पाहिजे. लॉगशीट कोरी ठेवून चालत नाही.

नसांचा आजार आहे. पायांपासून सुरू होतो. नोव्हेंबरपासून तिला माहीत आहे. दोन डॉक्टरांना दाखवून झालं, लेक सुट्टी काढून आली होती तेव्हा. मला सांगितलं होतं की दोघी कापड बघायला जातायत. औषधानं वेग कमी होतो, थांबत नाही. पावसाळा संपायच्या आत खुर्ची घ्यावी लागेल असं डॉक्टर म्हणाले. जिना तिला आताच होत नाही. म्हणून दिवाण. माझ्या घोरण्यावर उगाच खापर.

आणि खुर्ची आल्यावर ती राहणार कुठं? खाली, न्हाणीघराला लागून, एकच खोली आहे. ती तिनं सोळा जानेवारीला मला देऊन टाकली.

मी विचारलं, का नाही सांगितलंस? चिडूनच विचारलं, रडू येत होतं म्हणून.

"रिटायर झाल्यावर सहा महिने तुम्ही भिंतीकडे बघत बसला होतात," ती म्हणाली. "मला त्या सहा महिन्यांची जास्त भीती वाटली. मग ते खोकं खाली काढलंत. म्हटलं, यांचं वळण एकदा नीट होऊ दे. मग सांगू."

मागची पानं वाचून काढली. उंबरा, चौकट, स्टूल, दोन बस. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी लिहीत होतो आणि वाचत नव्हतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. एकदा मी एका म्हाताऱ्याला थांब्यावर सोडून गाडी पुढं काढली होती, तेव्हासुद्धा नाही.

४ एप्रिल

पान्हा घेऊन सकाळी सात वाजता सुरुवात केली. दारावरची फळी, मग उत्तरेची. रूळ उखडले. खोली रिकामी करायची, पलंग आणायचा, उंबरा तासायचा. ठरलं म्हणजे ठरलं.

चौथ्या ब्रॅकेटला ती आली. म्हणाली, काय चाललंय? मी म्हटलं, तुझी खोली तुला परत.

"आणि मी दिवसभर काय बघू? भिंतीचा चुना?"

मी म्हटलं, मला नको ती गाडी आता. ती चौकट धरून उभी होती, पण आवाज अगदी तिकीट न काढणाऱ्याला लावायची तो. "तुम्हाला नको असेल. मला पाहिजे. तुम्ही पुन्हा भिंतीकडे बघत बसणार असाल तर मी वरच झोपेन, तेरा पायऱ्या चढून. सांगून ठेवते." मग म्हणाली, "तुम्ही आणि मी मिळून अख्खी बस गल्लीत वळवलीय. एका खोलीत एक खुर्ची आणि एक आगगाडी नाही बसवता येणार?"

पान्हा खाली ठेवला.

८ एप्रिल

कंपाससरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, मापं सांगा.

खोली दोनशे ऐंशी रुंद. पलंग नव्वद, लांब भिंतीला, फळीला लागून. दोन्ही बाजूंच्या फळ्या वीस-वीस. उरले दीडशे. सरांनी तीनदा वजाबाकी केली. "वळायला दीडशेच लागतात ना? मग बसतंय. पण एक बोटही जास्तीचं नाही."

दाराच्या भिंतीवरून आता काहीच जाणार नाही. रूळ तीनच भिंतींवर. गाडी गोल फिरणार नाही. या टोकाच्या स्टेशनावरून त्या टोकाला जाईल, थांबेल आणि परत येईल. ही म्हणाली, बससारखी. मला हे सुचलंच नव्हतं. तेहेतीस वर्षं मी जाऊन परत आलो आणि घरात मात्र गोल गोल फिरवायला निघालो होतो. फळीची उंचीही उतरवायची, एकशे दहावरून सत्तरवर. बसलेल्या माणसाला डब्याच्या खिडक्या समोर दिसल्या पाहिजेत.

वळणं दोनच राहिली, खिडकीकडच्या दोन कोपऱ्यांत. ती नव्वदचीच ठेवणार. एवढं तरी.

१२ एप्रिल

दवाखान्यातून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक चाकांची खुर्ची दोन दिवसांसाठी वापरायला दिली. फळ्या कालच सत्तरवर उतरवल्या होत्या, पलंगही आत आला होता. हिला बसवायच्या आधी मी बसलो. कुठलीही नवी गाडी आली की आधी मी रिकामी फेरी मारून बघायचो, तसंच.

ही गाडी वेगळीच आहे. सुकाणू नाही. एक चाक पुढं, एक मागं, की जागच्या जागी फिरते. पुढची लहान चाकं मन मानेल तिकडे पळतात. पहिल्या फेरीत पलंगाला धडक, दुसऱ्या फेरीत सरांच्या पायावर. बाराव्या फेरीनंतर सरळ गेली. मग खिडकीकडच्या कोपऱ्यात नेऊन वळवली.

खाडकन कोपर बसलं फळीवर. नव्वदचं वळण कोपऱ्यातून लांब पुढं येतं. भिंतीला लागून जायचं सोडून ते खोलीच्या अंगावर येतं, आणि फळीही त्याच्याबरोबर येते. उजवीकडून वळलो, कोपर. डावीकडून, कोपर. सावकाश, कोपर. फळीचा तो कोपरा काढून सरांनी त्या जागी पुठ्ठ्याचे कोपरे कापून ठेवले. पंचाहत्तर: बाही घासली. साठ: काही नाही. मोकळं.

चाळीस फेऱ्या मारल्या. आकडा प्रत्येक वेळी साठच आला.

१३ एप्रिल

आज दिवसभर साठवर विचार केला. खरं तर रुसून बसलो होतो. नव्वदचं वळण हे एकच काम मी आयुष्यात स्वतःसाठी, कुणी ड्यूटी न लावता, केलं होतं. इतकं देखणं झालं होतं ते.

साठवर डबे जातात, पडत नाहीत. सरांच्या हिशेबानं मध्यावर नऊ मिलिमीटर आत येतील. पण नजाकत जाते. डब्याडब्यांमध्ये फट दिसते, कंबर दिसते, गाडीला वाकावं लागतं.

मग फेब्रुवारीतलं ते भांडण आठवलं. मला वाकून जमायचं नाही, म्हणाली होती. चूक कुणाची ते त्या दिवशी लिहायचं राहिलं होतं, आज लिहितो: माझी. गाडी आणि ही, दोघींपैकी जिला वाकता येतं तिनं वाकावं. गाडीला येतं. साठ.

तिला सांगितलं. ती म्हणाली, "पंचाहत्तर चालेल की. बाही तर घासते नुसती." मी म्हटलं, तुझी बाही रोज घासणार, गाडी महिन्यातून दहादा चालणार. हिशेब सरांनी केलाय, वाद घालायचा नाही.

२२ मे

नव्वदच्या कापाची लाकडी पट्टी सरांना परत दिली. त्यांनी ती ठेवून घेतली नाही. संध्याकाळी साठची आणून दिली, तीच कापून लहान केलेली.

उंबरा तासला. चार सेंटिमीटर उतरवायला अडीच दिवस लागले, छिन्नी दोनदा लावून घेतली. आता दारातून काचेची गोळी सोडली तर न अडखळता न्हाणीघरापर्यंत जाते.

३० जून

वळणं पूर्ण. या वेळी मापाला इंजिन घेतलंच नाही. लांब डबाच घेतला, हातानं ढकलत नेला, आणि त्याचं पोट आणि शेपूट जिथं जिथं येतं तिथं पेन्सिल धरली. मग प्लॅटफॉर्म. ही खुर्चीत, त्या वेताच्याच, बसून बघत होती. इंच इंच पुढं जाताना ती मागून "जाऊ द्या" म्हणत होती. वेताची खुर्ची वाया गेली नाही, हे नमूद.

सात डबे साठवरून गेले. वाकले. पडले नाहीत. खरं सांगू, वाईट नाही दिसत. जिवंत वाटते गाडी.

१७ ऑगस्ट

ती स्वयंपाकघरात पडली. लागलं नाही फारसं. उठवताना म्हणाली, "आता आणा."

बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

२३ ऑगस्ट

खुर्ची सकाळी आली. तिची स्वतःची.

बैठकीतून ती स्वतः चाकं फिरवत मागच्या खोलीपर्यंत आली. दार अठ्ठ्याहत्तर, खुर्ची सहासष्ट, दोन्हीकडे सहा-सहा सेंटिमीटर. मी हँडल धरायला पुढं झालो. तिनं हात वर केला.

"ड्रायव्हर मी आहे. तुम्ही हात लावायचा नाही."

उंबऱ्यावरून आली, कळलंसुद्धा नाही तिला. खिडकीपर्यंत गेली. कोपऱ्यात वळली. मी तिच्या कोपराकडे बघत होतो. कोपर मोकळं गेलं. इकडून गेलं, तिकडूनही गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण मुद्दाम दोनदा जास्त वळली.

मग खुर्ची पलंगाच्या आणि फळीच्या मधल्या जागेत मागे घ्यायची होती, म्हणजे गाडीसमोर तोंड करून बसता येईल. मागचं तिला दिसत नव्हतं. एका बाजूला पलंगाचा पाय, दुसऱ्या बाजूला स्टेशन, आणि मागे भिंत. ती थांबली.

"मागे कोण आहे?" तिनं विचारलं.

मी जाऊन मागे दाराशी उभा राहिलो. वीस वर्षं ती इथं उभी राहायची, आणि मला वाटायचं सोपं काम आहे, नुसतं ओरडायचं. सोपं नाही. चाक आपल्या हातात नसतं, गाडी आपल्या अंगावर येत असते, आणि आपल्याकडे फक्त आवाज असतो. खाकरलो.

"येऊ दे," मी म्हणालो. "येऊ दे. थोडी उजवीकडे. येऊ दे, येऊ दे."

ती मागे न बघता आली. मान वळवलीसुद्धा नाही.

भिंत चार बोटांवर राहिली तेव्हा म्हणालो, "बास." तिनं दोन्ही चाकं धरली. पदराखालून तिचा तिकिटं पंच करायचा जुना चिमटा काढला, आणि खुर्चीच्या दांडीवर दोनदा वाजवला, बसमध्ये गाडी सोडायला वाजवायची तसा. मी गाडी सोडली.

बिघाड: नाही. कुठं काही घासलं नाही.